घरबसल्या ऑनलाइन शिकणं, तेही मजेत : काय निवडायचं आणि कसं वापरायचं?



सुट्टी लागली, किंवा पावसाची चार दिवस झड लागली, की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "बाई, मोबाईल तर तो घेणारच आहे. मग त्यावर बघण्यासारखं काहीतरी चांगलं सांगा ना!" प्रश्न अगदी रास्त आहे. मोबाईल घरात आलेला आहे आणि तो आता परत जाणार नाही. त्याच्यावर नुसतं ओरडून काही होत नाही. त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे आपण मोठ्यांनी शिकायला हवं.

मी मनोरीत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते. मनोरी मुंबईतच आहे, पण खाडीपलीकडे. मालाड-बोरिवलीतलं पुस्तकाचं दुकान, छंदवर्ग किंवा प्रदर्शन गाठायचं तर फेरीबोटीने मार्वेला उतरा, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घाला. आईबाबा दिवसभर कामात. कोणी मासळी घेऊन बाजाराला गेलेलं, कोणी बोटीवर, कोणी पलीकडे नोकरीला. अशा ठिकाणी मोबाईल हे मुलांसाठी पुस्तकांचं कपाट होऊ शकतं, प्रयोगशाळाही होऊ शकते. आणि नीट लक्ष दिलं नाही तर तोच दिवसभर मुलाला गप्प बसवणारं यंत्रही होतो. गावाचं नाव बदला, तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चित्र असेल.

इंटरनेटवर "मुलांसाठी ५० शैक्षणिक ॲप" अशा याद्या ढिगाने मिळतात. पण पन्नास ॲप उतरवून घेतलेलं मूल पन्नास ठिकाणी दोन-दोन मिनिटं टिचक्या मारतं. म्हणून या लेखात मोजकीच साधनं दिली आहेत. सगळी मोफत आहेत आणि बहुतेक मराठीत आहेत. प्रत्येक साधनाबरोबर घरी करायची एक कृती दिली आहे, कारण माझ्या मते खरी गंमत त्या कृतीत आहे.

निवडताना एकच कसोटी

ॲप चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं? त्याला किती तारे मिळालेत, किती लोकांनी घेतलंय, जाहिरातीत कोण आहे, हे सगळं बाजूला ठेवा. फक्त एक गोष्ट पाहा : मोबाईल खाली ठेवल्यावर मूल काय करतं?

मूल तुम्हाला काही सांगायला आलं, कागद-कात्री शोधायला लागलं, पायऱ्या मोजायला लागलं, "आजी, हे खरं का गं?" असं विचारायला लागलं, तर ते साधन चांगलं. आणि मोबाईल काढून घेतल्यावर फक्त रडारड आणि चिडचिड, बाकी काहीच नाही, असं रोज होत असेल, तर त्या ॲपवर 'शैक्षणिक' असा शिक्का असला तरी ते आपल्या कामाचं नाही.

२०२०-२१ ने काय शिकवलं?

हे मी हवेतून सांगत नाही. आपण सगळ्यांनी तो काळ पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले ते १५ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत आलेलं मुंबईतलं मूल वर्गात बसलं ते थेट दुसरीच्या डिसेंबरात! जानेवारीत वर्ग पुन्हा काही दिवस बंद झाले, ते वेगळंच.

त्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवर यायची. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पाठांवर तयार केली होती. केंद्र सरकारने 'पीएम ई-विद्या' खाली पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी टीव्हीची एक-एक वाहिनी सुरू केली. ज्या घरात इंटरनेट नव्हतं तिथे टीव्हीनेच हात दिला.

'टिलीमिली'ची एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे. घरात आणि आजूबाजूला सहज मिळणाऱ्या वस्तू घेऊन मुलांनी स्वतः काही करून पाहावं, यावर तिचा भर होता. समोर बसून नुसतं ऐकायचं ते मुलं विसरली. डाळीचे दाणे मोजले, आजोबांना प्रश्न विचारले, पानं गोळा केली, ते मात्र त्यांच्या लक्षात राहिलं. वर्ग सुरू झाल्यावर तुमच्यापैकी अनेकांना हाच अनुभव आला असेल. तेव्हा ऑनलाइन शिकणं ही सक्ती होती. आता सक्ती नाही, निवड आपल्या हातात आहे.

आता एकेक साधन पाहू.

१) बालभारतीची पुस्तकं आणि दीक्षा

सुरुवात घरच्या पुस्तकापासूनच करू या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तक भिजलं, हरवलं, गावी राहिलं तरी अडत नाही. शिवाय मागच्या इयत्तेचं पुस्तकही उघडता येतं. चौथीतल्या मुलाला वजाबाकी जमत नसेल तर दुसरीचं पुस्तक काढून बसायला काहीच हरकत नाही. मोबाईलवर ते कोणाला दिसतही नाही, त्यामुळे मूल लाजत नाही!

पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या चौकटीचा क्यूआर कोड छापलेला असतो. 'दीक्षा' ॲपमधून तो स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. 'दीक्षा' सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. त्यातले व्हिडिओ एकदा उतरवून घेतले की नंतर नेट नसतानाही पाहता येतात.

*कृती :* व्हिडिओ मध्येच थांबवा आणि विचारा, "आता पुढे काय होईल?" मुलाने अंदाज सांगितला की मगच पुढचा भाग लावा. पाच मिनिटांचा व्हिडिओ दहा मिनिटं चालेल, पण तो मुलाच्या डोक्यातून जाईल. संपल्यावर मुलाने तोच भाग धाकट्या भावंडाला किंवा आजीला शिकवायचा. शिकवता आलं म्हणजे कळलं.

२) 'किशोर' मासिकाचे जुने अंक

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. आपल्यापैकी अनेकांचं बालपण त्याच्यासोबत गेलं. त्याचे जुने अंक आता ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. गोष्टी, कविता, कोडी, चित्रं असा अनेक वर्षांचा खजिना आहे आणि बऱ्याच पालकांना तो माहीतच नाही.

*कृती :* आई, बाबा किंवा आजोबा चौथीत असतानाच्या वर्षाचा अंक शोधा. मुलाने वजाबाकी करून ते वर्ष काढायचं, ते झालं गणित. मग तो अंक दोघांनी मिळून चाळायचा. त्यातली चित्रं कशी आहेत, कोणती वस्तू आता दिसत नाही, कोणता शब्द आता कोणी वापरत नाही, याची यादी वहीत करायची. मोठी माणसं आपोआप बोलायला लागतात. "आमच्या वेळी…" हे वाक्य एरवी मुलांना कंटाळवाणं वाटतं. पण समोर पुरावा असला की त्याचीच गोष्ट होते!

३) स्टोरीवीव्हर : गोष्टींचं कपाट

'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर मराठीसह अनेक भाषांमधली सचित्र गोष्टींची पुस्तकं आहेत. पुस्तकांना वाचनाचे चार स्तर दिलेले आहेत. पहिल्या स्तरावर पानाला एक-दोन सोपी वाक्यं, चौथ्यावर सराईत वाचणाऱ्यांसाठी मोठा मजकूर. त्यामुळे इयत्ता पाहून पुस्तक देण्यापेक्षा मूल किती वाचू शकतं ते पाहून देता येतं. गोष्टी उतरवून, छापून वर्गात वाटायलाही मुभा आहे. शिक्षकांना याचा फार उपयोग होतो.

आमच्याकडे मुलांच्या घरी कोळी बोली असते, ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत त्यांची स्वतःची मराठी असते. पुस्तकातली मराठी त्यांना आधी थोडी परकीच वाटते. तुमच्याकडे अहिराणी असेल, मालवणी असेल, वऱ्हाडी असेल. अशा मुलांसाठी ही पुढची कृती फार कामाची आहे.

*कृती :* पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरावरची एक गोष्ट निवडा. आधी तुम्ही वाचा, मग मूल वाचेल. मग मोबाईल बंद करा आणि मुलाला सांगा, "आता हीच गोष्ट आपल्या घरात बोलतो तशी सांग." अडेल तिथे आजीला विचारायचं. मोठ्या मुलांनी ती वहीत लिहून काढायची, चित्रं स्वतःची काढायची. हे खरं तर भाषांतरच आहे, पण मुलांना तो खेळ वाटतो. घरची बोली लपवायची गोष्ट नाही, तिच्यातही पुस्तक होऊ शकतं, हे मुलाला कळणं मला चार व्हिडिओंपेक्षा मोलाचं वाटतं.

४) अरविंद गुप्ता यांची खेळणी

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी म्हटलं की पहिलं नाव अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांबरोबर काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळणी कशी करायची ते फोटो आणि छोट्या व्हिडिओंमधून दाखवलं आहे. काही व्हिडिओ मराठीतही आहेत. शिवाय मराठी पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. व्हिडिओ एक-दोन मिनिटांचे असतात आणि बघून झालं की हात शिवशिवायला लागतात. आपल्या कसोटीला हे साधन सगळ्यात खरं उतरतं.

*कृती १, कागदी भिंगरी :* लांबट कागदाची पट्टी घ्या, वरून मध्ये चीर द्या, दोन पंख विरुद्ध दिशांना दुमडा, खाली वजनाला घडी घाला. उंचावरून सोडली की गरगरत खाली येते. इथे थांबू नका. आता पंख लांब करून पाहा, आखूड करून पाहा. खाली यायला किती आकडे मोजावे लागतात ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम दुसरीतलं मूलही शिकतं.

*कृती २, काड्यांचे आकार :* सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मिळते, आपण तिला वालट्यूब म्हणतो. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून त्यात काड्या खोचायच्या. गुल काढलेल्या आगकाड्या चालतील. आमच्याकडे माडाच्या झावळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हिरांचे तुकडे वापरता येतात. आधी त्रिकोण करा, मग चौकोन. दोन्ही बोटांनी दाबून पाहा. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी बसवा, तोही घट्ट होतो. मग मुलाला घराबाहेर न्या आणि कौलारू छपराची कैची दाखवा. "सुताराने त्रिकोणच का केला?" याचं उत्तर ते स्वतः देईल.

५) भरती-ओहोटी : मोबाईल आणि आजोबा यांची शर्यत

हा धडा मनोरीसारख्या समुद्रकाठच्या गावासाठी आहे. कोकण किनाऱ्यावर कुठेही चालेल. गणित, भूगोल, खगोल आणि घरचं ज्ञान यांची एकत्र मोट बांधता येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भरती कधी येणार हे सांगणारी वेळापत्रकं आज इंटरनेटवर सहज मिळतात. पण आपल्या किनाऱ्यावर त्यासाठी एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची भरती त्यानंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि दोन्हींच्या मधोमध ओहोटी.

कृतीचे टप्पे असे :

• घरातल्या दिनदर्शिकेत आजची तिथी शोधायची. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अमावास्येला दिनदर्शिकेत ३० लिहिलेलं असतं, आपण १५ धरायचे.

• चौथीतल्या मुलाने पाऊणपट करायची. दुसरी-तिसरीच्या मुलांनी घड्याळ घेऊन प्रत्येक तिथीला ४५ मिनिटं काटा पुढे सरकवायचा.

• मग मोबाईलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडून वेळ लिहायची.

• शक्य असेल तर मोठ्या माणसाबरोबर जेट्टीवर जाऊन पाहायचं, किती पायऱ्या पाण्याखाली गेल्या? मुलांनी एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही, हा नियम पक्का.

• वहीत चार रकाने : तिथी, आपला अंदाज, मोबाईलवरची वेळ, फरक. असं सात दिवस.

फरक येणार. अर्धा-पाऊण तासाचाही येईल. तो आला की घाबरू नका, शिकण्याची जागा तीच आहे. पाऊणपटीचा हिशेब तोंडी करता यावा म्हणून सोपा केलेला आहे. प्रत्यक्षात भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिथीही घड्याळाच्या २४ तासांबरोबर चालत नाही.

आता 'स्टेलॅरियम' उघडा. हे मोफत आकाशदर्शन आहे, संगणकावर उतरवून घेता येतं आणि ब्राउझरमध्येही चालतं. ठिकाण मुंबई ठेवा आणि चंद्र शोधा. एकेक दिवस पुढे जा आणि चंद्र कधी उगवतो ते लिहा. चंद्रही रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो! भरतीची वेळ आणि चंद्राची वेळ एकाच चालीने सरकताना पाहिली की मूल स्वतःच म्हणतं, "म्हणजे दोघांचं काहीतरी नातं आहे." आपण सांगायच्या आधी मुलाने हे वाक्य म्हणावं, एवढ्यासाठीच सात दिवसांचा खटाटोप.

पुढे उधाणाची आणि भांगाची भरती घेता येते. पावसाळ्यात मुंबई महानगरपालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती यादी बातम्यांत येते. मुलांनी त्या तारखांना तिथी कोणती आहे ते शोधायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच त्या का येतात, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. तेव्हा बाबा-काका घरी जाळी विणत, दुरुस्त करत बसतात. हा धडा घ्यायला ते दिवस उत्तम. पाण्याचं ज्यांना खरंच कळतं ते गुरुजी घरातच असतात. मुलाने मोबाईलमधली वेळ वाचायची आणि त्यांनी आपल्या हिशेबाने सांगायची. कोण जवळ आलं ते पाहायचं.

*समुद्र लांब आहे त्यांच्यासाठी :* पाऊस मोजा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवा. तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने सपाट पातळीपर्यंत भरा, तिथे शून्याची खूण. बाटली उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजा. हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचाच धरतो. मग विभागाने तुमच्या जवळच्या केंद्रासाठी दिलेला आकडा पाहा. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे एकाच दिवशी किती वेगळे असतात ते पाहिलं, की "मुंबईत इतका पाऊस" या वाक्यावर मुलं प्रश्न विचारायला लागतात.

६) स्क्रॅच ज्युनिअर

कोडिंगची बरीच हवा आहे. महागड्या क्लासची घाई नको. 'स्क्रॅच ज्युनिअर' हे मोफत ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. सूचना चित्रांच्या ठोकळ्यांत असतात, त्यामुळे इंग्रजी वाचता येत नसलं तरी चालतं. ठोकळे जोडले की मांजर चालतं, उडी मारतं.

*कृती :* मोबाईलआधी हाच खेळ अंगणात. एकजण रोबो, दुसरा सूचना देणारा. "तीन पावलं पुढे, उजवीकडे वळ, दोन पावलं पुढे." रोबोने सांगितलं तेवढंच करायचं, मनाने काही नाही. चुकलं की सूचनेत काय चुकलं ते शोधायचं. कोडिंगचा पाया एवढाच आहे आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

एकच मोबाईल असलेलं घर

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, "बाई, मोबाईल एकच आहे, तो बाबांबरोबर जातो आणि रात्री येतो." अशी घरं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी :

• मोबाईल घरी असेल तेव्हाच व्हिडिओ आणि गोष्ट उतरवून ठेवा. आठवड्याला एक व्हिडिओ, एक गोष्ट पुरे.

• आधी पडदा, मग काम. दहा-पंधरा मिनिटं बघणं रात्री, आणि त्यावरची कृती दुसऱ्या दिवशी मोबाईलशिवाय. वरच्या सगळ्या कृती अशाच निवडल्या आहेत.

• वाडीतली तीन-चार मुलं एका मोबाईलभोवती बसली तर उलट बरंच. एकटं मूल बघतं, चार मुलं बोलतात.

• टीव्ही असेल तर 'पीएम ई-विद्या'च्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर दिसतात.

एक साधा आठवडा असा लावता येईल : सोमवारी गोष्ट, मंगळवारी ती घरच्या बोलीत सांगणं, बुधवारी खेळण्याचा व्हिडिओ, गुरुवारी खेळणं करणं, शुक्रवारी पाठाचा व्हिडिओ, शनिवारी तो कोणालातरी शिकवणं. रविवारी मोबाईलला सुट्टी.

वेळ आणि सावधगिरी

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीही आला बरं का! शाळा बंद असतानाही केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती. म्हणजे 'अभ्यासच करतोय ना' म्हणून चार तास मोबाईल देणं बसत नाही.

आणखी काही गोष्टी :

१. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, ती सोय बंद करा. भिंगरीचा व्हिडिओ संपल्यावर भलतंच काही सुरू होतं ते यामुळेच.

२. शक्यतो उतरवून घेतलेलंच मुलाच्या हातात द्या. शोधायचं काम मोठ्यांचं.

३. ज्या मोबाईलवर पैशाचे व्यवहार होतात त्याला आणि त्या ॲपना वेगळं कुलूप हवं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे मुलालाही शिकवा.

४. "पहिला महिना फुकट" म्हणत कार्डाचा नंबर मागणाऱ्यांपासून सावध. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना नेमका हाच इशारा दिला होता. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, अटी वाचल्याशिवाय सही करू नका. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी कर्ज काढून ॲप घ्यायची काहीही गरज नाही. वरची सगळी साधनं मोफत आहेत.

शिक्षकांसाठी दोन शब्द

आपणही गटावर एका दिवसात दहा-दहा लिंक टाकतो. पालक त्या उघडतसुद्धा नाहीत. आठवड्याला एकच लिंक टाका, तिच्याबरोबर दोन ओळींची कृती लिहा, शक्य तर आपल्या आवाजात निरोप पाठवा. ज्या पालकांना वाचायला अवघड जातं ते आवाज ऐकतात.

दुसरं असं, की वर्गात त्याला जागा द्या. सोमवारी पहिली दहा मिनिटं कोणी काय केलं ते सांगण्यासाठी ठेवा. ज्याच्याकडे मोबाईल नव्हता त्यालाही वर्गात भिंगरी करायला कागद मिळाला पाहिजे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे 'निपुण भारत'चं उद्दिष्ट आहे. घरी वाचलेली एक गोष्ट आणि पाऊणपटीचं एक गणित यांनी आपण त्याच वाटेवर चालत असतो.

आणि पालकहो, तुमच्यासाठी एवढंच. संध्याकाळी घरी आल्यावर "आज मोबाईलवर काय बघितलंस?" असं विचारण्याऐवजी "आज काय केलंस, दाखव बघू," असं विचारा. मूल वही काढेल, काड्यांचा त्रिकोण आणेल, नाहीतर उद्या भरती किती वाजता येणार ते सांगेल. पाच मिनिटं थांबून ते बघा. कुठल्याही ॲपमध्ये नसलेली ती एक गोष्ट तुमच्याकडेच आहे.